जेवणानंतरचं सत्र

बीड जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी मांडव घातला गेला आणि आमचे मामा त्यात नव्हते, असं एके काळी होतच नसे. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मेळावा असो, प्रदर्शन असो, शिवारफेरी असो की बँकेच्या साहेबांचं मार्गदर्शन, सतरंजी अंथरायच्या आधी मामा हजर असत आणि ती कशी अंथरायची तेही सांगत. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, मागच्या कुठल्या तरी कार्यशाळेत मिळालेली टोपी. केजला मी शिक्षक म्हणून नोकरीला, त्यामुळे कार्यक्रम तालुक्याला असला की माझ्याकडे चहा ठरलेला. चहा पिताना ते मला त्या दिवशीचं सगळं ज्ञान देत, आणि मी वह्या तपासत "हो का, हो का" म्हणत असे.

कशाचं प्रशिक्षण आहे याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसे. शेळीपालन झालं, गांडूळखत झालं, माती परीक्षण तर इतक्या वेळा झालं की मातीच कंटाळली असेल. मधमाशीपालन करून आले तेव्हा अंगात वारं शिरल्यासारखे थेट बांधावरच्या लिंबाच्या झाडाकडे गेले. तिथलं आग्यामोहोळ त्यांना शास्त्रीय पद्धतीनं हाताळायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुग्धव्यवसायाच्या शिबिराला ते एक डोळा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत बसलेले मी पाहिले आहेत. "घरी पडून ऱ्हायचं की," मी म्हणालो. "आरं, डोळ्यावर सूज हाय, कानावर न्हाई," मामा म्हणाले. अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, प्रशिक्षणानंतर भुसा भरलेल्या पिशव्या त्यांनी आत्याच्या बाजेखाली ठेवल्या. पांढऱ्या छत्र्या वर आल्या तशी आत्यानं त्या उचलून शेळीपुढे टाकल्या. "घर हाय का उकिरडा हाय हे?" असं ती म्हणाली, आणि अळिंबी हा विषय त्या घरात संपला. महिला बचत गटाच्या कुक्कुटपालन वर्गात ते एकटे पुरुष पहिल्या ओळीत बसले होते. मॅडम अवघडून म्हणाल्या, "काका, हे महिलांसाठी आहे." मामा शांतपणे म्हणाले, "म्याडम, कोंबडी कुठं बघती दाणे बाईनं टाकले का बुवानं?" मॅडमनी त्यांना बसू दिलं. शेवटी आभारप्रदर्शनही त्यांनीच केलं, कारण ते सगळीकडे तेच करत.

आता इतकं शिकून मामांनी स्वतःच्या रानात काय केलं, असं कुणी विचारेल. काही नाही. ज्वारी केली, थोडं सोयाबीन केलं, दोन शेळ्या पाळल्या. आम्ही घरातली माणसं त्यांना जेवणावळीचे विद्यार्थी म्हणायचो, आणि त्यात खोटंही फार नव्हतं. मसालेभात आणि बुंदी असेल तर त्यांचा चेहरा उजळायचा. जेवण झालं की मांडवाच्या खांबाला टेकून, तळहातावर तंबाखू मळून बार भरायचा आणि पुढच्या सत्राला डोळे मिटून बसायचं. "मिटले म्हंजे झोपलो असं न्हाई. ऐकू येतं मला," हे त्यांचं म्हणणं. घोरणं मात्र माइकपर्यंत पोचायचं.

पण त्यांच्या या नादाला एक कारण होतं, आणि ते कळायला मला उशीर लागला. सरकारी कचेऱ्यांचं वर्ष मार्चला संपतं, म्हणून प्रशिक्षणांची सुगी ऐन थंडीत येते. आणि थंडीत आमच्याकडच्या गावात असतं कोण? दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि धडधाकट नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला पश्चिमेकडे निघून जातात. गावात उरतात म्हातारी माणसं, बारकी पोरं आणि कुत्री. ज्यांच्यासाठी योजना, ती माणसं कुठल्या तरी कारखान्याच्या फडात पाचटाच्या कोपीत राहत असतात. म्हणून मामा जात. गावाच्या वतीनं जात म्हणा ना. गुढीपाडव्यानंतर माणसं परतली की मारुतीच्या पारावर मामा उभे राहत आणि सगळ्या थंडीतलं शिक्षण एकेका संध्याकाळी सांगून टाकत. साहेबांचा आवाज काढत, मॅडमची मान हलवत. तीन दिवसांचं शिबिर गाईची धार काढून होईपर्यंत उरकायचं. लोक पोट धरून हसत आणि उठून जात. कुणाला किती अनुदान आहे, कुठल्या खिडकीला कोण बसतं, कुठला कागद आधी लागतो, हे मात्र मामांना विचारूनच तालुक्याला जात.

एका वर्षी रेशमाची गोष्ट सांगताना लोक असेच हसले. तुतीचा पाला, त्यावर वाढणाऱ्या अळ्या, अळ्यांनी विणलेले कोष. "अळीला सोन्यासारखं जपायचं, ती झोपली का आपुन गप बसायचं," मामा बोटं तोंडावर ठेवून दाखवत होते. हसली नाही ती एकटी शोभा. शोभा म्हणजे मामांच्या चुलत भावाची सून. ती आणि तिचा नवरा दत्ता लग्न झाल्यापासून दर वर्षी कोयता घेऊन जात होते. त्यांची मुलगी आता मोठी होत होती. सोबत नेली तर शाळा बुडायची, मागे ठेवली तर शोभाचा जीव तिकडे फडात थाऱ्यावर नसायचा, आणि तिच्या वयाच्या दोन पोरींची लग्नं गावात होऊनही गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा मामांच्या अंगणात येऊन उभी राहिली. "मामा, तुतीला पाणी किती लागतंय? आमच्या हिरीवर भागंल का?"

कुणी तरी खरंच विचारतंय, हे मामांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मग त्यांनी जे काय केलं ते मी पाहिलेलं आहे. बीडला खेटे घातले, केजला खेटे घातले, साहेबांच्या दारात ठिय्या दिला. लागवडीला आणि शेडला अनुदान मंजूर करून आणलं. पावसाळ्यात तुती लागली, शेड उभी राहिली आणि दसऱ्याच्या सुमारास लहान अळ्या शेडमध्ये आल्या. त्या साली शोभानं दत्ताला मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊ दिली नाही. मुकादम चांगला माणूस होता. "दिवाळीपर्यंत जागा ठिवतो वहिनी, बगा," एवढं बोलून गेला.

अळ्या बोटाएवढ्या झाल्या, अधाशासारख्या खाऊ लागल्या, आणि त्याच वेळी शोभाच्या माहेरी तिची आई दवाखान्यात गेली. दोघांना जाणं भाग होतं. एका दिवसाचा प्रश्न होता. "मी हाय की," मामा म्हणाले. "ट्रेनिंग घेतल्यालं माणूस हाय मी, बिनघोर जा." त्या दिवशी त्यांनी सकाळी आणि संध्याकाळी सगळ्या रॅकवर स्वतःच्या हातानं पाला पसरला. एकेक फांदी निरखून, पातळ करून, मायेनं. मी मुद्दाम मायेनं म्हणतो, कारण आत्या सांगते की ते दिवसभर अळ्यांशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी शोभा परतली तेव्हा अळ्यांनी खाणं सोडलं होतं. माना उंच करून त्या डोलत होत्या, काहींच्या तोंडातून हिरवट पाणी येत होतं, काही आखडून खाली पडल्या होत्या. रविवार होता, म्हणून मीही तिथे होतो. मामा आधी हवेला बोलले, मग पाल्याला, मग शेजारच्या रानातल्या फवारणीला. दत्तानं फोन केल्यावर दुपारी रेशीम कार्यालयातले साहेब सुट्टी असूनही आले. त्यांनी एक अळी उचलली, पाहिली, वाकून पाला हुंगला आणि विचारलं, "इथं तंबाखू कोण खातं?"

सगळ्यांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ता म्हणाला, "मी सोडली साहेब, शेड बांधली तवाच. पैसं वाचवाया हिनं शपथ घातलीय." शोभाही त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत विश्वास नव्हता. तेवढ्यावर मामा सहज सुटले असते. ते पुढे झाले. सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पुडी काढून त्यांनी साहेबांपुढे धरली. "मी. पाला मीच घातला. त्याचा न्हाई दोष."

"अहो मामा, तुम्ही तर शिबिराला होता. पहिली गोष्ट सांगतो आम्ही ही. तंबाखूचा हात लागला की अळी जगत नाही."

"सांगितलं असंल साहेब," मामा म्हणाले. "जेवल्यानंतर सांगितलं असंल."

मला हसू फुटलं. दुसरं कुणीही हसलं नाही. साहेबांनी चष्मा पुसला. शोभा रॅकपाशी उभी राहून मेलेल्या अळ्या सुपात गोळा करू लागली, आणि दत्ता तिला मदत करू लागला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पोरीला मागं ठिवावं लागंल मंग." दिवाळी झाल्यावर ट्रक आला आणि दोघं गेले. जाताना ती मामांना एवढंच म्हणाली, "मामा, तुतीची बाग तेवढी जगवा."

त्या थंडीत मामा एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. खुद्द गावात मांडव घातला गेला, फळबागेवर बोलायला लांबून कुणी शास्त्रज्ञ आले होते. साहेबांनी मुद्दाम माणूस धाडला, तर मामांनी तुतीच्या सरीतूनच उत्तर दिलं, "मोटारीला लाईट आत्ता आलीय, आन् मी तिथं बसू? कशापायी?" तंबाखू त्यांनी सोडली हेही मला आत्याकडून कळलं, ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्या वर्षी शाळेतून सुटल्यावर माझा चहा मी एकटाच प्यायलो, आणि ज्या बडबडीला मी कंटाळायचो तिच्यावाचून मला फार सुनं वाटलं. आम्ही त्यांची थट्टा केली, पण त्यांचं मन मोडावं असं कुणालाच वाटलेलं नव्हतं.

पाडव्यानंतर शोभा परतली तेव्हा बाग तिच्या खांद्याला लागत होती. पुढच्या पावसाळ्यात तिनं पुन्हा अळ्या आणल्या. त्या आधी ती स्वतः शिबिराला जाऊन आली. "आता शोभाच जाती," मामा मला म्हणाले, "ती जेवूनबी जागी ऱ्हाती." कोषांची ही खेप नीट निघाली, त्या नंतरचीही निघाली. दिवाळीनंतर ट्रक आला आणि त्यांच्या दारावरून तसाच पुढे गेला. मुलगी आता गावातूनच सायकलवर हायस्कूलला जाते.

मामा रोज सकाळी शेडकडे जातात. पाला कापून देतात, भारे बांधतात, उंबऱ्यापर्यंत आणून ठेवतात. आत पाऊल टाकत नाहीत. शोभानं कितीदा म्हटलं, "मामा, या की आत, आता कशाची भीती हाय?" मी गेल्या महिन्यात गेलो तेव्हाही ते तसेच बाहेर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून, जाळीला कान लावून.

"खातायत का गं?" त्यांनी विचारलं.

"खातायत, मामा."

"समद्या?"

"समद्या खातायत," आतून शोभा म्हणाली. मामांनी मान हलवली आणि ते दुसरा भारा आणायला बागेकडे गेले.