भात झाकून ठेवलाय

आठव्या वर्षी आईबाबांबरोबर अमेरिकेत शुगर लँडला आले, तेव्हापासून मी इथलीच. ब्लूज, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गायला लागले कॉलेजात. पुढे नोकरी सांभाळून स्वतःची गाणी लिहू लागले, सगळी इंग्रजीत. शनिवार-रविवारी बार्बेक्यूच्या हॉटेलांत, गावोगावच्या जत्रांत गिटार घेऊन जायचे. साथीला सत्तरीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ असत, माउथ ऑर्गन वाजवणारे. मी त्यांना ‘सर’ म्हणायचे.

एका जत्रेत, भर दुपारी, माझ्याच गाण्याचं शेवटचं कडवं मला आठवेना. सर माझ्याकडे बघत तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. तोंडातून काहीतरी काढायलाच हवं होतं. निघालं ते मराठी.

‘भात झाकून ठेवलाय, आल्यावर गरम करून घे.’

आई सकाळी फोनवर हेच बोलली होती. मी ते ताणून ताणून, घसा फाडून म्हटलं.

पुढच्या खुर्चीवरची एक बाई रडायला लागली. मी खाली उतरल्यावर तिनं माझा हात धरला. ‘‘कोण गेलं गं तुझं?’’

कोणीच गेलं नव्हतं. मी नुसतं ‘थँक यू’ म्हणाले.

परतताना गाडीत सरांना अर्थ सांगितला. वाटलं, हसतील.

‘‘मग बरोबर रडली ती,’’ ते म्हणाले.

‘‘भातासाठी?’’

‘‘माझी आई कामाला जाताना बीन्स झाकून ठेवायची.’’

मला काही उमगेना. गाताना मला दुःखबिःख काही झालं नव्हतं, मी फक्त घाबरले होते.

मग जिथं जाईन तिथं लोक तेच गाणं मागू लागले. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, ‘‘हेच रेकॉर्ड करू. अख्खं त्या भाषेत.’’ माझ्या इंग्रजी गाण्यांचं काय, असं विचारलं तर ‘‘चांगली आहेत’’ म्हणून त्यानं विषय बदलला.

जत्रेत कोणीतरी फोनवर घेतलेला व्हिडिओ आईला दाखवला.

‘‘अगं, एवढं रडत काय सांगायचं त्यात? आणि जेवलीस का त्या दिवशी?’’

‘‘आई, गाणं कसं वाटलं?’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं! आवाज बसलाय तुझा.’’ मग म्हणाली, ‘‘लोकांना आवडतंय ना? मग भाताऐवजी काहीतरी बरं घाल की. पुरणपोळी तरी.’’

शेवटी रेकॉर्ड केलं, भातासकट. कडवं एकच मराठी, बाकीचं इंग्रजी. कंपनीचा माणूस थोडा नाराज झाला, पण तयार झाला. आज माझं हेच गाणं सगळ्यात जास्त ऐकलं जातं. पण ती पहिली भीती आता उरलेली नाही आणि तिच्याशिवाय ती ओळ माझी मलाच खोटी वाटते. ऐकणाऱ्यांना तसं वाटत नाही.

मध्यंतरी डॅलसजवळच्या कार्यक्रमात एक मराठी कुटुंब समोर बसलं होतं. ती ओळ आली आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी फिसकन हसली. शेजारी तिचे बाबा मान खाली घालून डोळे पुसत होते. कोणाकडे बघून गावं, मला ठरवता येईना. मी डोळे मिटून घेतले आणि गात राहिले.