फ्रान्सिसने लॉक काढले होते

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात माझी पोस्टिंग लडाखकडच्या एका धावपट्टीवर झाली. मी हवाई दलात कॉर्पोरल होतो. ट्रेड एअरफ्रेम फिटर. इंजिनाशी माझा संबंध नव्हता. पंख, शेपूट, चाकं आणि केबल्स एवढं माझं काम.

सुरुवातीलाच सांगतो, मला लिहायची सवय नाही. नोकरी संपवून बहारीनला आलो आणि पस्तिशी उलटल्यावर बाहेरून बी.ए.ला बसलो. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक हातात घेणारा मी पहिलाच. त्यामुळे वाक्य कुठे अडखळलं तर सांभाळून घ्यावं. घडलं ते मात्र तसंच लिहितो आहे.

धावपट्टी म्हणजे अरुंद खोऱ्यात अंथरलेले लोखंडी पत्रे. एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला खिंड. विमान उठलं की लगेच उंची घ्यावी लागे, कारण समोर डोंगर. आमच्याकडे दोन इंजिनांची जुनी मालवाहू विमानं होती. पलीकडच्या चौक्यांना ती रॉकेल, पीठ आणि दारूगोळा पोचवत. डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा फेऱ्या दुप्पट झाल्या.

रोजचं काम ठरलेलं असे. पहाटे विमानावरची कॅनव्हासची आवरणं काढायची. पंखावरचा बर्फ झाडूने लोटायचा. पण वरचा भुसभुशीत बर्फ गेला की खाली काचेसारखा थर राहायचा. तो दोरखंड घासून काढावा लागे. हातमोज्याला तो थर कळत नाही, म्हणून शेवटी मोजा काढून उघडा हात फिरवायचा. कातडी चिकटायची. शिव्या देत देत आम्ही ते करायचो.

मग कोणीतरी ट्रकवाल्यांची युक्ती आणली. रस्त्यावरचे ड्रायव्हर गाडीच्या काचेवर गरम पाणी ओतायचे आणि बर्फ क्षणात सुटायचा. आम्ही लंगरमधून, म्हणजे आमच्या भटारखान्यातून, गरम पाण्याचे डेगचे आणू लागलो. पंखावर आणि शेपटीवर पाणी ओतलं की थर आपोआप घसरायचा. तासाचं काम चहा निवायच्या आत होऊ लागलं. सगळेच खूश होते. आम्ही बहुतेक गरम मुलखातली माणसं. पाणी पुन्हा गोठतं हे माहीत होतं, पण कुठे आणि कधी गोठतं याचा विचार कोणी केला नव्हता.

सार्जंट फ्रान्सिस तिथे फ्लाइट इंजिनिअर होता. वसईचा. मराठी बोलायला मिळावं म्हणून तो माझ्या तंबूत येऊन बसायचा आणि माझ्याच वाट्याचा गूळ खायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी खिंडीपलीकडून निरोप आला. जखमी पडले आहेत, विमान ताबडतोब पाठवा. आवरणं निघाली, पाणी ओतलं गेलं. फ्रान्सिस शेपटीकडे आला. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग आपटू नयेत म्हणून त्यांना लाकडी चिमटे लावतात. त्यांना आम्ही लॉक म्हणायचो. प्रत्येकाला लाल फीत असे. उड्डाणाआधी ते काढायची जबाबदारी फ्लाइट इंजिनिअरची. त्याने ते काढले आणि काखेत धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"मोज रे मोरे."

"सगळे आहेत, सार्ज."

"नीट बघ. तुझं गणित कच्चं आहे."

"गूळ खाताना नव्हतं कच्चं."

"आल्यावर बघतो तुला," म्हणत त्याने लॉक विमानात फेकले आणि मागून चढला.

मी शेपटीमागे उभा राहिलो. वैमानिकाने आतून एलिव्हेटर वर-खाली करून पाहिला. एलिव्हेटर म्हणजे शेपटीची आडवी पट्टी, तिच्यामुळेच विमानाचं नाक वर-खाली होतं. पट्टी मोकळी हलत होती. मी अंगठा दाखवला. विमान लगेच निघालं.

टॉवर म्हणजे एक तंबू होता. बाहेर भोंगा लावलेला होता, त्यामुळे रेडिओ आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा.

"टॉवर, कंट्रोल्स स्टिफ."

"से अगेन."

"एलिव्हेटर जॅम्ड. नोज वर येत नाही."

"रिटर्न. रिटर्न टू बेस."

उत्तर आलं नाही. खिंडीच्या खालच्या उतारावर काळा धूर दिसला. विमानात पाच जण होते. कोणी वाचलं नाही.

दुपारी जेवणाच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "कंट्रोल जाम म्हणजे लॉक काढायचा राहिला." ते सगळ्यांना पटलं, कारण तसे अपघात पूर्वी झालेले होते. मी ओरडून सांगितलं की मी स्वतः लॉक पाहिले. शेजारचा म्हणाला, "दोस्त होता तुझा. तू असंच बोलणार."

आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसरसाहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुसरं विमान पुढे काढायला लावलं.

"काल जे केलं तेच करा. एकही गोष्ट बदलू नका."

आम्ही पाणी ओतलं. एलिव्हेटर हलवून पाहिला. मोकळा होता.

"आता विमान बांधून ठेवा आणि इंजिनं चालू करा."

पंख्यांचा गार झोत शेपटीवर आदळू लागला. साहेब स्वतः वैमानिकाच्या जागेवर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी दांडा ओढला. तो हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. इंजिनं बंद करून आम्ही शेपटीवर चढलो. बिजागरीच्या फटीत ओघळलेलं पाणी वाऱ्याने दगडासारखं झालं होतं. जमिनीवर मोकळी असणारी पट्टी हवेत गेल्यावर आवळली जात होती. नंतर अवशेषांत लॉकही सापडले, जळके, पण आतल्या कोपऱ्यात एकत्र.

साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "पाणी बंद."

तेव्हापासून पुन्हा दोरखंड, झाडू आणि उघडा हात. हिवाळाभर आम्ही विमानं पाठवली आणि ती सगळी परत आली. हात फुटलेले असायचे, तरी मला तो काळ समाधानाचा वाटतो. नेमकं काय करायचं ते आम्हाला कळलं होतं.

पुढे बदल्या झाल्या. नोकरी संपली. बहारीनला मुहर्रकच्या विमानतळावर हँगरमध्ये काम मिळालं. जवळच बुसैतीनमध्ये खोली घेतली. खोलीत माझ्याबरोबर डिमेलो होता, वसईचा, मनामाच्या एका हॉटेलात कामाला. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आमचा एसी बंद आणि डिमेलोच्या अंगावर दोन स्वेटर. मी हसलो.

"हसतोस काय? थंडी आहे."

"ही थंडी? अरे, मी लडाखला होतो."

"तू लडाखला होतास? लढाईत? आमच्या गावचा एक जण तिकडेच गेला, विमानात. फ्रान्सिस."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

डिमेलोने मग सगळं सांगितलं. रजेवर आलेल्या कुणा जवानाने लॉकची ऐकीव गोष्ट गावात पोचवली होती; खरं कारण तिथवर पोचलंच नाही, आणि गावात तीच राहिली. फ्रान्सिसचे वडील बस्त्यावबाबा सुतार. ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसू लागले. आपल्या मुलाने आणखी चार जणांना मारलं, असं ते धरून चालले होते. मुलाचं नावही घेत नसत. फ्रान्सिसची बहीण फिलोमिना इथेच हॉस्पिटलात नर्स होती, आणि बाबा तिच्याकडे व्हिजिट व्हिसावर आलेले होते.

"रविवारी परत चाललेत," डिमेलो म्हणाला. "यल्ला, चल, उद्याच जाऊ."

शुक्रवारी आम्ही फिलोमिनाच्या फ्लॅटवर गेलो. बाबा स्वयंपाकघरात कपाटाचं दार उतरवून बसले होते. बिजागऱ्या काढून पुसत होते.

"सहा आठवडे झाले, घरातलं एकही दार सोडलं नाही यांनी," फिलोमिना म्हणाली. "शेजारणीची पण दुरुस्त केली."

"इकडचे सुतार स्क्रू हातोडीने ठोकतात," बाबा म्हणाले. "बसा."

डिमेलोने माझी ओळख करून दिली. बाबांनी मान खाली घातली. "आमच्या त्याच्याबद्दल असेल तर राहू द्या. चहा घ्या."

"बाबा, मी तिथे होतो," मी म्हणालो. "त्याने लॉक काढले होते. मला मोजायला लावले."

ते बिजागरी पुसतच राहिले. "तुम्ही भला माणूस. पण रेडिओवर सांगितलं ना, जाम झालं म्हणून? लॉक नाही तर मग कशाने होईल?"

मी पाण्याची गोष्ट सांगितली. त्यांचा विश्वास बसल्याचं दिसलं नाही. माझं बोलणं असंच, चाचरत. मग मी त्यांच्या हातातली बिजागरी मागितली. नळाखाली भिजवली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"हलवून बघा."

"हलते."

मी ती फ्रीजरमध्ये ठेवली. आम्ही चहा घेतला. फिलोमिनाने केक कापला. डिमेलो हॉटेलातल्या एका शेखची गोष्ट सांगत होता, कोणी ऐकत नव्हतं. बाबा दोनदा उठून फ्रीजर उघडायला गेले आणि फिलोमिनाने दोनदा बसवलं.

"बाबा, सारखा उघडलात तर गोठेल कशी?"

शेवटी मी ती बाहेर काढली. बाबांनी दोन्ही हातांनी पानं धरली आणि जोर लावला. बोटांची पेरं पांढरी झाली. बिजागरी हलली नाही.

"दोघांनी ओढलं असेल ना?" त्यांनी विचारलं. "वैमानिकांनी?"

"ओढलंच असेल."

"पण हे वर हवेत. खाली सगळं मोकळं होतं."

"खाली मी स्वतः पाहिलं. मोकळं होतं. अंगठा मीच दाखवला."

फिलोमिना दाराशी उभी राहून तोंडावर ओढणी धरून होती. बिजागरीतलं पाणी बाबांच्या मनगटावरून ओघळत होतं. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या चौघांची नावं काय होती?"

मी दचकलो. हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

"इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नाही," ते म्हणाले. "कोणत्या तोंडाने विचारणार? आता देवळात मिस्साची प्रार्थना सांगायची आहे, सगळ्यांच्या नावाने. फादरना नावं लागतात."

"फ्लाइट लेफ्टनंट सोधी," मी म्हणालो.

"सोधी."

"फ्लाइंग ऑफिसर नायर."

"नायर."

"सिग्नलर होता सार्जंट यादव. आणि मागे माल ढकलायला एक शिपाई, दोर्जे. लहान होता. हसरा."

"यादव. दोर्जे." त्यांनी चारही नावं पुन्हा एकदा म्हणून पाहिली, चुकलं तिथे मला विचारलं.

"आणि फ्रान्सिस," ते म्हणाले.