चालत्या गाडीची हवा

अमृतराव खिल्लारे सेनगाव ते हिंगोली जीप चालवायचे. टायरला लाथ मारून हवा ओळखायची, ही त्यांची जुनी सवय. २००८च्या उन्हाळ्यात पुसेगावच्या अलीकडं मागचं टायर फुटलं आणि माणसांनी भरलेली जीप नांगरलेल्या रानात कलंडली.

जवळच मसाजी आणि त्यांची बायको सिंधूबाई मेंढरं चारत होते. मसाजींनी एकेकाला बाहेर ओढलं. सिंधूबाईंनी पदर फाडून एका बाईच्या डोक्याला बांधला. कुणाचा हात मोडला, कुणाला टाके पडले, पण सगळे वाचले.

बरे झाल्यावर अमृतराव साडी-टॉवेल घेऊन त्यांच्या मेंढवाड्यावर गेले.

"हे काहून आणलं?" मसाजी म्हणाले. "आमची सून बी तुमच्याच जीपनं माहेरी जाती. गाडी नीट ठेवा, बस."

ते बोलणं अमृतरावांच्या मनात राहिलं. खिळ्यामुळं हवा हळूहळू उतरत गेली, टायर तापलं आणि फुटलं, असं फिटरनं सांगितलं होतं. लाथेला ते कळलं नव्हतं.

त्यांची लेक करुणा औरंगाबादला नर्स होती. ते तिच्याकडं गेले, तेव्हा ती त्यांना गाड्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं पेनासारखं हवेचं मीटर दाखवलं. मग टायरच्या व्हॉल्व्हवर बसवायची टोपणं. हवा कमी झाली की त्यांचा हिरवा रंग लाल होई. शेवटी चालकासमोर लावायचा एक छोटा पडदा, टीव्हीच्या स्क्रीनसारखा. चाकांवरची यंत्रं त्याला हवा कळवत आणि ती उतरली की तो चालत्या गाडीतच वाजे.

"बाबा, रंगाची टोपणं सोपी हायेत," करुणा म्हणाली.

"व्हय, पण ती उतरून बघावी लागतेत. आपली हवा चालता चालता गेली होती."

मग त्यांनी दुकानदाराला तो पडदा रस्त्यावर, रिक्षांच्या गोंगाटात वाजवायला लावला. जीपच्या खडखडाटात ऐकू येईल याची खात्री झाली, तेव्हाच घेतला. त्याची बॅटरी उतरली तर अडायला नको म्हणून सकाळच्या तपासणीला मीटरही घेतलं.

दिवाळीनंतर एकदा भरल्या गाडीत पडदा वाजू लागला. अमृतरावांनी जीप हळूच कडेला घेतली.

"आता काय झालं? माझी शाळा आहे," राधिका मास्तरीणबाई चिडून म्हणाल्या.

"उतरा बाई. चाक बघावं लागन."

मागच्या टायरात खिळा रुतला होता. बाईंनी तो वाकून पाहिला. अमृतराव स्टेपनी चढवत होते तोवर बाईंनी म्हाताऱ्या प्रवाशांना सावलीत बसवलं. काम झाल्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी अमृतरावांच्या काळ्या हातांवर ओतलं.

"उद्या पण तुमच्याच गाडीनं येते," हिंगोलीला उतरताना त्या म्हणाल्या.

अमृतरावांनी हात जोडले. मग स्टँडवरच्या फोनवरून करुणाला सारं सांगितलं आणि म्हणाले, "पोरी, तू त्या दुकानात नेलं, लई बरं केलं."