बिडाची सोनेरी चौकट

२००६च्या मार्चमध्ये, पहिल्या शनिवारी, लीड्समधल्या आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये मुंबईहून आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिरावर अन्याय झाला. हॉलच्या जुन्या पियानोच्या आतली, तारा ताणून धरणारी बिडाची चौकट त्यांनी एकट्याने गंज घासून सोनेरी रंगवली होती. तिच्यावरची उठावाची अक्षरं ते श्वास रोखून काळी रंगवायचे.

मी म्हटलं, “काका, झाकण लावल्यावर कोण बघणार?”

“अगं, पुढचा कारागीर उघडेल ना. त्याने मला शिव्या घालू नयेत.”

त्या शनिवारी दुरुस्त पियानोच्या उद्घाटनाला कौन्सिलरपासून समोसेवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले. काकांचे नाहीत. ती यादी मीच लिहिली होती. तीन आठवडे त्यांना चहा दिला, पण नाव विचारलं नाही.

तुमच्याकडे आज कोणी कामाला आलं असेल, तर उठा आणि त्याचं नाव विचारा.