गोरी, गुलाबी आणि काळी

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मांस नाही, मच्छी नाही, दारूचं तर नावच नाही. पण दारूच्या जेवढ्या गप्पा आमच्या केळीच्या मळ्यात झाल्या, तेवढ्या गावच्या गुत्त्यावरही झाल्या नसतील.

त्याला कारण आमचे हे. लग्नाला दीड वर्ष झालं नाही तोच पहिल्या लढाईत खेचरं हाकायला म्हणून सरकारनं त्यांना फ्रान्सला नेलं. चार वर्षांनी परत आले. सासूबाईंनी आधी गोमूत्र शिंपडलं, मग विहिरीवर उभं करून घंगाळभर पाणी डोक्यावर ओतलं, तेव्हा कुठे उंबरा ओलांडू दिला. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी निघेल पेटीतून. निघाला पत्र्याचा एक लांबट डबा. त्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काटक्या!

"द्राक्ष हाय," ते म्हणाले. आवाज असा, की जणू लेकरूच आणलंय.

माघ महिना होता. विहिरीजवळ, केळीच्या कडेला त्यांनी त्या लावल्या. पुष्कळशा वाळून गेल्या, तीन जगल्या. त्यांची फ्रेंच नावं क्लॅरेत, सँसो, मुर्वेद्र. माझ्या तोंडात ती काही बसेनात. म्हणून पहिलीला मी गोरी म्हणायची, दुसरीला गुलाबी आणि तिसरीला काळी. पुढे तेही तसंच म्हणायला लागले.

त्या वेली जिथल्या, तो मळा समुद्रावरच्या डोंगरात होता. लहानसाच, आपल्या चार-पाच बिघ्यांएवढा. मालकीणबाईचा नवरा लढाईत कामी आलेला. पलटणीची खेचरं तिच्या गोठ्यात बांधलेली असायची आणि सुट्टीच्या दिवशी हे तिच्या वेली छाटू लागायचे. घराखाली दगडी तळघर. तिथे लाकडी पिंपांत द्राक्षाचा रस वर्षवर्ष निजलेला, दारू होत. "आवाज करायचा नाही तिथं," हे सांगायचे. "बाई म्हणायची, रस झोपेत मोठा होतो."

दुपारी भाकरी घेऊन मी मळ्यात जायची. केळीच्या सावलीत हिरवा उजेड असतो, त्यात माणसाचे हातसुद्धा पाण्याखालचे वाटतात. पाट झुळझुळत असायचा. तिथे बसून आमचं सुरू व्हायचं. हे विहिरीचं पाणी तांब्यात घ्यायचे, दारू समजून नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे.

"ही गोरी. पाह्य. आधी हिरव्या सफरचंदाचा वास, मागून बडीशेपेचा."

सफरचंद मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण घोट घेतला की बडीशेप लागायची, देवाशपथ!

गोरी ते लोक माशाबरोबर पितात आणि शेळीच्या दुधाच्या चक्क्यासारखं काहीतरी करतात त्याबरोबर. आम्ही ती फुणक्यांना लावली. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, वर कढी. हे म्हणायचे, आंबटाला आंबट चालतं, दोघी बहिणी एका ताटात भांडत नाहीत. गुलाबी उन्हाळ्याची. लसूण, तेल, पाव असं काहीबाही असलं की तीच हवी. ती आम्ही कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला आणि ठेच्याला दिली. "तिखटाची आग ती विझवत नाही," ते सांगायचे, "नुसती कुरवाळते." अहाहा! लढाईला गेलेला माणूस, आणि बोलणं बघा.

काळी मात्र शेवटी. अर्धा दिवस मंदाग्नीवर शिजलेल्या मांसाबरोबर. आधी घेतली तर बाकीच्या दोघींची चवच लागत नाही म्हणे. आमच्या माळेच्या घरात तिला जोड मिळेना, तर आम्ही खुरासणीच्या चटणीवर भागवलं. काळीचं सांगताना यांचा आवाज खाली जायचा. काळ्या मिरीचा, चामड्याचा, पावसात भिजलेल्या रानाचा वास असतो तिला. ही वेल मालकीणबाईच्या दाराशीच होती. गोरी आणि गुलाबीच्या काड्या यांनी स्वतः छाटून घेतल्या, पण काळीची काडी तिनं आपल्या हातानं कापून दिली होती.

हे मी एकदाच ऐकलं. पुरे झालं.

"किती वयाची होती हो?" मी विचारलं.

"तुझ्याहून थोडी मोठी."

थोडी! त्या दिवसापासून तांब्यातली काळी मला कडू लागायला लागली. मी जळत नव्हते असं म्हणणार नाही. चांगली धडधडून जळत होते. चार वर्षं मी इथे सासूचे पाय चेपत होते, आणि तिकडे कुणीतरी यांना वास घ्यायला शिकवत होतं.

तिसऱ्या चैत्रात तिन्ही वेलींना घोस आले. बोराएवढे मणी, बियाच जास्त. यांनी तीन वाट्यांत रस काढला. आंबवायची परवानगी नव्हतीच. सासूबाईंनी बजावलं होतं, "माझ्या घरात हे सडवनं चालनार नाही बापा, पेयाचं तर ताजंच प्या." मग आम्ही ताजाच प्यालो, भर दुपारी, केळीखाली. बडीशेप नाही, मिरी नाही, नुसतं आंबटगोड. पण यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मी विचारलं नाही कुठे गेलात म्हणून. मला ठाऊक होतं.

वैशाखात हे पलटणीतल्या सोबत्याच्या लग्नाला धुळ्याला गेले. आठ दिवस. जाताना म्हणाले, "केळीचं तेवढं पाह्य."

केळीचं काम मला झोपेतही येतं. केळ एकदाच विते. घड उतरला की त्या खोडाचं काम संपलं. ते बुडातून तोडायचं, बुडाशी फुटलेलं एक जोमदार पील ठेवायचं, बाकीची काढायची. आईच्या जागी लेक. आमच्याकडे लहान पोरीलाही हे कळतं. मी कोयता घेऊन ओळीनं निघाले. सपकन घाव, की खोड आडवं. ऊन चढत होतं, चिकानं हात काळे झाले होते, मी कुठल्यातरी तंद्रीत होते. ओळ संपली तिथे वेली होत्या. घोस उतरलेले, बुडाशी एकेक कोवळा फुटवा. गोरी तोडली. गुलाबी तोडली. फुटवे ठेवले, माती ओढली. त्या दोघी कोवळ्याच होत्या, एका घावात गेल्या. मी शपथेवर सांगते, तोवर माझ्या मनात केळच होतं.

काळी तशी तुटेना. कोयता लाकडात रुतला. केळीत लाकूड नसतं. तिथेच मला जाग आली. हे काय केलं मी बाई! कोयता काढून घेतला असता तर काळी जगली असती, खरचटली होती इतकंच.

मी कोयता काढला आणि आणखी तीन घाव घातले. फुटवासुद्धा ठेवला नाही.

हे परत आले ते थेट मळ्यात गेले. मी मागोमाग. बुडख्यांतून पाणी ठिबकत होतं, स्वच्छ, डोळ्यांतून यावं तसं. ते बसले, बोट लावून बघितलं.

"हे काय केलंस?"

"घड उतरले होते," मी म्हणाले. "मला वाटलं, केळीसारखं..."

"केळीसारखं," ते म्हणाले. मग हसायलाच लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सगळ्या गावाला सांगितलं, आमच्या हिनं द्राक्षाला केळ समजून तोडलं. बायका पाणवठ्यावर मला चिडवायच्या, काय गं, आता आंब्याचीही पिलं ठेवशील. मी हसायची. त्या हसण्यानं माझा जीव जात होता. रागावले असते तर मीही भांडले असते, आणि भांडणात खरं निघून गेलं असतं. इथे सगळे मला भोळी म्हणत होते.

जेठात गोरी फुटली. मग गुलाबी. पानं अशी आली की आधी कधी आली नव्हती. काळी तशीच. हे रोज सकाळी तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालायचे. आषाढ गेला, श्रावण गेला. पोळा झाला, दिवाळी झाली. तो वाळका खुंट आणि त्यावर पाणी घालणारा हा माणूस. कधी कधी मला वाटायचं, ती फुटावी. एक पान यावं, मग मी काहीच बोलणार नाही. रात्रंदिवस हेच मागत होते देवाजवळ. देवानं ऐकलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी त्यांनी कुदळ घेतली आणि खुंट उपटायला बसले. मी भरताची वांगी घेऊन आले होते, मळ्यातच भाजायची म्हणून. त्यांची ती वाकलेली पाठ बघितली आणि माझ्यानं राहवेना.

"गोरी आणि गुलाबी चुकीनं तोडल्या," मी म्हणाले. "ही चुकीनं नाही."

त्यांनी वर बघितलं नाही. खुंट निघाला. मुळाची माती झाडत ते म्हणाले, "घाव मोजले होते मी. पहिल्याच दिवशी. केळीला चार घाव कोन घालतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशीन म्हनून."

मी वांगी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते तिकडच्या चार वर्षांतली सगळी दारू सांगून झाली तरी सांगायचं राहिलं होतं. पुरुषांचं हे असं! पिंपं सांगतील, वास सांगतील, कामाचं तेवढं पोटात ठेवतील. निघायच्या दिवशी मालकीणबाईनं विचारलं होतं, घरी कोण आहे. बायको आहे, यांनी खुणेनं सांगितलं. तेव्हा ती दाराशी गेली आणि काडी कापून आणली. ही तुझ्यासाठी नाही म्हणाली, तिच्यासाठी. वाट पाहणाऱ्या बाईसाठी. तिची स्वतःची वाट तर संपलीच होती.



हे उठले. कुऱ्हाडीनं खुंटाच्या ढलप्या केल्या, वाळलेल्या फांद्या मोडून वर रचल्या. "तिकडं छाटलेल्या वेलींवर जेवन भाजतात," म्हणाले, "वाया नाही घालत." एरवी आम्ही वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतो. त्या दिवशी काळीवर भाजली. धूर निराळाच होता, गोडसर, जड. सालं करपली, देठाशी रस फसफसला. यांनी वांगी सोलली, मी लाकडाच्या बडगीत हिरवी मिरची आणि लसूण ठेचला. हातात कळण्याची भाकरी घेऊन समोरासमोर बसलो. तांब्यातलं पाणी तसंच राहिलं, कुणी त्याला नाव दिलं नाही.

भरीत इतकं चांगलं झालं होतं, की मी रडत रडत दोन भाकरी खाल्ल्या.