सोळा वाजून दहा
त्या वहीला अजून बूट पॉलिशचा वास येतो. बाबा फौजेतून कायमचे घरी आले आणि आमच्या बोरगावच्या घराला भरदिवसा कडी लागली. बूट चमकवून ते दाराशी खुर्ची टाकून बसत. जाणाऱ्यानं वहीत जायची वेळ लिहायची, आल्यावर यायची. एका दुपारी आई टोपली घेऊन दारात अडली. "वांगे सुकून राह्यले, बजारात जाऊ देता का नाई?" बाबा उठले. "मीच जातो. लिही बेटा, सोळा वाजून दहा." मी लिहिलं. त्यांनी टोपली उचलली, कडी काढली आणि उंबरठ्यावरच थबकले. समोर नुसता रस्ता आणि ऊन. त्यांचा शर्ट घामानं भिजला. "मले जमून नाई राह्यलं," ते पुटपुटले. आईनं हळूच टोपली घेतली. त्या ओळीत यायची वेळ अजून कोरी आहे. बाबा गेलेच नव्हते.