पासवर्ड तिच्याकडं

कॉम्प्युटर मी हिंगोलीहून आणला, माझ्या पेन्शनीतून. टेबल माझं, खुर्ची माझी, लाइटबिल माझ्या नावावर. आणि त्याची मालकीण कोण, तर आमची बायको! तो चालू कुठून करतात हेही जिला माहीत नाही. दोन वर्षं झाली, मी हे सोसतो आहे. सरळच सांगतो, माझा नुसता जळफळाट होतो.

हे करून ठेवलं आमच्या जावयांनी. ते नांदेडला कॉम्प्युटरचंच काम करतात. आधीच्या कॉम्प्युटरवर मीच सर्वेसर्वा होतो. स्क्रीनवर काही विचारलं की 'यस' दाबायचं, विषय संपला. जन्मभर शाळेत पोरांना प्रश्न विचारले, आता कुणी मला विचारतंय तर नाही कशाला म्हणा? मग एकदा फुकटचा पत्त्यांचा खेळ टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या व्हायरसनं सगळ्या फायलींना कुलूप लावलं, एकही उघडेना. त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो होते. म्हणजे जावयांच्याही लग्नाचे. त्यामुळे नवा कॉम्प्युटर लावायला ते आमच्या गावी, डोंगरकड्याला आले तेव्हा मला फार बोलायला तोंड नव्हतं.

त्यांनी दोन खाती केली. एक साधं, रोज बसायला; ते माझं. दुसरं ॲडमिनचं, सगळे अधिकार असलेलं. त्याचा पासवर्ड ठरवायला त्यांनी आमच्या हिला चुलीपासून उठवलं.

"मामी, तुमच्या मनानं काय बी टाका. मला पण सांगू नका."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसली. दोघंही मला पाठमोरे.

"जावईबापू," मी म्हणालो, "माझ्याच घरात मी पाहुणा व्हय?"

"तसं न्हाई मामा. सगळे अधिकार घेऊन बसलं की तुमी जे उघडता त्याला पण तेच अधिकार मिळतात. चुकून काही वंगाळ उघडलं तर ते पण मालक होऊन बसतं. रोजच्या कामाला साधं खातं बस्स. मी पण माझ्या घरी साध्याच खात्यावर बसतो."

"मग पासवर्ड हिच्याकडं काहून?"

"मामींना कॉम्प्युटरवर बसायचं न्हाई. त्यांना घाई न्हाई."

घाई म्हणे! कोठीच्या खोलीची चावी लग्नापासून हिच्या कमरेला आहे, मला कधी काही वाटलं नाही. पण हे मनाला लागलं ते लागलंच.

तेव्हापासून असं चाललं आहे. प्रिंटर लावायचा, की स्क्रीनवर चौकट: पासवर्ड टाका. मराठी टायपिंगचं काही टाकायचं, की चौकट. मग मी हाक मारायची, बाईसाहेबांनी सवडीनं यायचं आणि वर म्हणायचं, "तिकडं बघा जरा." मी मुकाट्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. जावयांचा फोनही आता तिच्याच मोबाईलवर येतो. "मामी, मामांनी नवीन काही टाकलं का?" जसं काही मी रांगतं लेकरू!

परवा हळदीच्या हंगामात तर कहर झाला. शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली होती, ही ती खालीवर करत होती. मी आत नातीच्या बारशाचे फोटो बघत बसलो होतो. तेवढ्यात फोन आला. "सर, आपके कम्प्यूटर में खराबी है. हम अभी ठीक कर देते हैं."

सर म्हणाला! रिटायर झाल्यापासून इतक्या अदबीनं मला कोण बोललं होतं? तो सांगत गेला, मी दाबत गेलो. शेवटी आलीच ती चौकट.

"पासवर्ड डालिए, सर."

"दो मिनिट," म्हणालो आणि हिला हाक मारली. ती पिवळ्या हातांनीच आली.

"कोण हाय फोनवर?"

"कंपनीचा माणूस. टाक लवकर."

"कोणत्या कंपनीचा?"

ते मी विचारलं नव्हतं.

"आपण बोलावलं व्हतं का त्याला?"

"न्हाई, तो आपणहून..."

"मंग मी न्हाई टाकत."

"अगं, तो ऐकून राहिला! काय इज्जत राहील माझी?"

पलीकडून आवाज आला, "क्या हुआ, सर?" मला सांगावं लागलं, "पासवर्ड घरवाली के पास है." मग म्हणतो कसा, "तो मॅडम को फोन दीजिए ना!"

सर गेले, मॅडम आल्या. त्या परक्या माणसालाही एका मिनिटात कळलं, या घरात कुणाशी बोलायचं ते. तिनं फोन घेतला. "हमारा कम्प्यूटर बराबर है. तुम अपना देखो," म्हणाली आणि कट केला. लगेच जावयांना लावला. ते म्हणाले, चोरच होता तो; पासवर्ड दिला असता तर सगळा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेला असता, नातीच्या फोटोंसकट. "मामी, तुमी वाचवलं!" पुन्हा मामीच. चोराला मॅडम पाहिजे, जावयाला मामी पाहिजे. मी कुणाला पाहिजे होतो?

संध्याकाळी मी अर्ध्या भाकरीवरच हात धुतला. तिनं ताट उचललं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"घ्या बाबा तुमचा पासवर्ड. रोज तोंड फुगवून बसता, बघवत न्हाई." आणि माझ्या कानाशी वाकली. तिच्या हातांना अजून हळदीचा वास होता. दोन वर्षं ज्यासाठी जळलो ते आता कानापाशी आलं होतं.

"सांगू नको," मी म्हणालो.

"काहून?"

"परत कुणी सर म्हणलं तर मी टाकून देईन."

ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. तेही मला आवडलं नाही.

जळतो तर मी आजही. काल नवा फॉन्ट टाकायला घेतला, चौकट आली, हाक मारली. ती आली. तिनं सांगायच्या आत मीच आपणहून कॅलेंडरकडं तोंड केलं. पाठीमागं तिचं बोट चालू झालं. टक. टक. टक.

"मोजू नका," ती म्हणाली.